तीन टक्क्यांची लायकी

माणसाची लायकी किती, हा प्रश्न फार जुना आहे. ऋषिमुनींनी त्यावर अरण्यात बसून विचार केला, संतांनी देवळाच्या पायरीशी बसून केला आणि भारत सरकारच्या वित्त खात्यानं दिल्लीत पंख्याखाली बसून केला. पहिल्या दोघांना उत्तर सापडलं की नाही, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. वित्त खात्याला मात्र नक्की सापडलं. ते उत्तर तीन टक्के असं आहे. मूळ वेतनावर, दर साल, आणि जवळच्या शंभर रुपयांत बसवून.

मी स्वतः सरकारी नोकर नव्हे. मी बँकेतला कारकून. आम्हांला वेतन आयोग नसतो, द्विपक्षीय करार असतो. पहिला १९६६ साली झाला, बारावा २०२४ च्या मार्चमध्ये. करार पाच वर्षांचा असतो आणि त्याच्या वाटाघाटी साधारण तेवढ्याच काळाच्या असाव्यात, असा आम्हा कारकुनांचा समज आहे. पण माझं सासर सरकारी आहे. सासरे केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झाले, थोरले मेहुणे राज्य सरकारात आहेत. त्यामुळे सणासुदीला आमच्याकडं पुरणपोळीबरोबर वेतनश्रेणी वाढली जाते. मी बी. कॉम. असल्यामुळे प्रत्येक वादात मला पंच नेमतात आणि शेवटी कुणीही माझं ऐकत नाही. पंचाची लायकी काय, हा निराळा प्रश्न.

अशाच एका जेवणावळीत मला एक शंका आली आणि ती अजून गेलेली नाही. वार्षिक वेतनवाढ माणसाला नेमकी कशाबद्दल मिळते?

वाचकहो, हसू नका. वाटतो तितका हा प्रश्न सोपा नाही. "एक वर्ष झालं म्हणून मिळते" असं कुणीही सांगेल. पण एक वर्ष आपल्या सर्वांनाच होतं. आमच्या गल्लीतल्या वडाच्या झाडालाही दर साल एक वर्ष होतं. त्याला कुणी तीन टक्के पानं वाढवून देत नाही. तेव्हा हे पैसे कामाबद्दल असतात, महागाईबद्दल असतात, गरजेबद्दल असतात, की नुसतं टिकून राहिल्याबद्दल?

आधी जुन्या काळाकडं पाहू. सासरे १९७४ साली कारकून म्हणून लागले. तिसऱ्या वेतन आयोगानंतरचा तो काळ. तेव्हाची कारकुनाची श्रेणी त्यांना अजून तोंडपाठ आहे आणि ती ते रामरक्षेच्या चालीवर म्हणतात: २६०-६-२९०-दरो-६-३२६-८-३६६-दरो-८-३९०-१०-४००. नवख्याला हा एखाद्या तिजोरीचा संकेत वाटेल. पण नीट वाचा. हे माणसाचं चरित्र आहे. दोनशे साठ रुपयांवर नोकरीला लागायचं. दर वर्षी सहा रुपयांनी चढत पाच वर्षांत दोनशे नव्वदला पोचायचं. तिथं 'दरो', म्हणजे दक्षतारोध. तो ओलांडला तर पुन्हा सहा-सहा, मग आठ-आठ, पुन्हा एक दक्षतारोध, आणि शेवटच्या पायरीला दहा रुपयांची उडी मारून चारशे. बेरीज केलीत तर बरोबर वीस वर्षं भरतात. पंचविशीत लागलेला माणूस पंचेचाळिशीत कुठं असेल, हे सरकारनं एका ओळीत लिहून ठेवलेलं. एवढं थोडक्यात आणि एवढं खात्रीनं भविष्य तर पंचांगवालेही सांगत नाहीत.

त्या काळी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात पत्रिकेआधी श्रेणी पाहायचे, असं सासूबाई सांगतात. पत्रिकेत मंगळ निघाला तर शांत करता येई. श्रेणीतल्या दक्षतारोधाची शांत कुणालाच ठाऊक नव्हती.

हा दक्षतारोध म्हणजे आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर होतं. वेतनवाढ ही कामाबद्दल आहे, असं तो सांगत होता. पाच वर्षं चढलास, आता जरा थांब. तू खरंच दक्ष आहेस का, हे आम्हांला पाहू दे. कल्पना किती न्याय्य! गाढव आणि घोडा एकाच दावणीला असला, तरी दोघांना एकच चंदी का म्हणून द्यायची? प्रत्येक कचेरीत एक माणूस असा असतो की जो मान वर न करता फायली उपसतो, आणि दुसरा असा की ज्याच्या खुर्चीवर त्याचा कोट ठरल्या वेळी हजर असतो आणि कोटाचा मालक संध्याकाळी कोट न्यायला येतो. एक जुलैला दोघांच्याही पगारात तीन टक्केच पडतात. खरं तर कोटाचा पगार थोडा जास्त हवा. तो नियमित तरी असतो.

मग दक्षतारोध गेला का? मी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "जावईबापू, दक्षता मोजायला फूटपट्टी कुठाय? मोजणार साहेब. साहेबाच्या हातात गोपनीय अहवाल. कोटवाल्याचं साहेबांशी भांडण होण्याचा संभवच नव्हता, तो भेटायचाच नाही. भांडण व्हायचं ते काम करणाऱ्याचं. फाइल घेऊन जायचा तोच आणि 'साहेब, हे नियमात बसत नाही' म्हणायचा तोच. रोधाला अडकायचा कोण, हे आता तुम्हीच सांगा."

पंच असूनही मी गप्प बसलो.

पुढं पाचव्या आयोगानंतरच्या श्रेणींतून तो दक्षतारोध नाहीसा झाला. २०१६ साली सातव्या आयोगाच्या शिफारशी स्वीकारताना सरकारनं त्याच्या चुलतभावाला मात्र आत घेतलं. नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत ज्याला बढतीची किंवा आश्वासित प्रगतीची ठरलेली प्रतवारी गाठता येणार नाही, त्याची वार्षिक वेतनवाढ रोखायची, असं ठरलं. 'आश्वासित प्रगती' हा शब्द मात्र मला फार आवडतो. दहा, वीस आणि तीस वर्षांनी, बढतीची जागा रिकामी नसली तरी, माणसाला वरच्या पायरीचा पगार देण्याची ही योजना. प्रगतीचं आश्वासन माणसाला आईवडील देत नाहीत, पंतोजी देत नाहीत, ज्योतिषी तर दक्षिणा घेऊनही देत नाही. ते शासन निर्णयानं मिळतं. आमच्या बँकेत श्रेणीच्या टोकाला जाऊन पोचलेल्याला काही वर्षांनी एक वाढ मिळते. तिला आम्ही स्टॅग्नेशन इन्क्रिमेंट म्हणतो. याचं मराठी सौ.नं एकदा विचारलं. मी म्हटलं, "साचल्याबद्दलची वाढ." ती म्हणाली, "मग ती तुम्हांला लग्नानंतर लगेच मिळायला हवी होती."

बरं, वेतनवाढ महागाईसाठी असते म्हणावं, तर त्यासाठी महागाईभत्ता वेगळा आहे. तो केंद्रात वर्षातून दोनदा, जानेवारीपासून आणि जुलैपासून बदलतो. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर तो बांधलेला. बाजारातल्या भावांची सरासरी काढायची, पायाभूत वर्षाशी ताडून पाहायची, आणि जेवढी वाढ झाली असेल तेवढा भत्ता द्यायचा. पूर्वी २००१ हे वर्ष शंभर धरत, २०२० पासून २०१६ हे शंभर धरू लागले. म्हणजे महागाईभत्त्यानं तुम्ही पुढं जात नाही. जिथं होता तिथं राहता यावं म्हणून तो असतो, आणि तिथंही तो सहा महिने उशिरा पोचतो. त्याची किंमत कमी लेखू नका. १९७७ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातले राज्य कर्मचारी केंद्राइतक्या महागाईभत्त्यासाठी संपावर गेले आणि तो संप चौपन्न दिवस चालला. जागच्या जागी उभं राहण्यासाठी माणसाला चौपन्न दिवस रस्त्यावर उभं राहावं लागतं.

या जागच्या जागी उभं राहण्याचा एक गंमतीदार हिशेब आहे. सातव्या आयोगानं जुन्या पगाराला २.५७ नं गुणायला सांगितलं. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, 'अडीचपट पगार'. ते मथळे मेहुण्यांच्या घरमालकानं वाचले, दूधवाल्यानं वाचले आणि शिकवणीच्या मास्तरांनी तर कापून ठेवले. पण मी बी. कॉम. आहे. त्या २.५७ मधला २.२५ हा भाग म्हणजे जुना पगार आणि त्यावर आधीच मिळत असलेला १२५ टक्के महागाईभत्ता. तो उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात ठेवला. खरी वाढ राहिली चौदा टक्क्यांच्या थोडी वर, आणि तीही दहा वर्षांनी. हे मी घरमालकाला समजावून सांगायला गेलो. त्यानं शांतपणे सगळं ऐकलं आणि भाडं वाढवताना मात्र २.५७ च धरलं.

मग गरज? माणसाचं कुटुंब वाढतं, मुलं मोठी होतात, म्हणून पगार वाढतो का? गरजेचा हिशेब सरकारनं केलेला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचं माप ठरवलं. डॉ. आयक्रॉइड नावाच्या आहारशास्त्रज्ञाच्या सूत्राप्रमाणं प्रौढ माणसाला रोज २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, वर घरभाडं, आणि सरपण, दिवाबत्ती वगैरेंना वीस टक्के. कुटुंब किती माणसांचं धरायचं? तीन एकक. त्याची फोड अशी, की कमावता पुरुष एक, बायको शून्य पूर्णांक आठ, आणि दोन मुलं प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा. सातव्या आयोगानंही हेच सूत्र हाती धरून किमान वेतन १८,००० वर नेलं. १९४७ साली पहिल्या आयोगानं महागाईभत्त्यासकट ५५ रुपये ठरवले होते. रुपये बदलले, पण बायको आठ दशांशच राहिली.

हे मी घरी वाचून दाखवलं. सौ. कणीक मळत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "म्हणजे मी तुमच्यापेक्षा दोन दशांश कमी जेवायचं?" मी म्हटलं, "अगं, शास्त्रीय आहे ते." त्या रात्री माझ्या पानात तीन पोळ्या आणि पोळीचे दोन दशांश कमी करून उरलेला एक तुकडा होता. शास्त्र कुठलंही असो, ते स्वयंपाकघरात नेऊ नये.

पण या सूत्रात कुठंतरी मोठा जिव्हाळा आहे, हे मान्य केलं पाहिजे. इथं माणसाची लायकी विचारलेली नाही, त्याची भूक विचारलेली आहे. कोटवाल्यालाही भूक लागते आणि त्याच्या मुलांनाही शून्य पूर्णांक सहा इतकी लागतेच. फक्त हे सूत्र तळाची पायरी ठरवतं. तिथून वर दरसाल एकेक पायरी का चढायची, ते सांगत नाही. मुलं नोकरीला लागून आपापल्या घरी गेली, तरी बापाची वाढ चालूच असते. अविवाहितालाही ती मिळते.

राहता राहिलं ते टिकून राहणं, म्हणजे अनुभव. मुरलेलं लोणचं चांगलं म्हणतात. पण सगळ्याच गोष्टी मुरत नाहीत. दही नुसतं आंबतं. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस आणि एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा घेतलेला माणूस, दोघांच्या सेवापुस्तकात पानं सारखीच भरलेली असतात. तीन टक्के या दोघांत फरक करत नाहीत. चक्रवाढीनं तीन टक्क्यांचा पगार किती वर्षांत दुप्पट होतो, याची आम्हा कॉमर्सवाल्यांची एक युक्ती आहे. बहात्तरला तीननं भागा. चोवीस वर्षं. अठरा हजारांवर पहिलं वर्ष संपलं की तीन टक्क्यांचे ५४० रुपये होतात, पण तक्त्यातलं पुढचं घर १८,५०० चं आहे. चाळीस रुपये जवळच्या शंभरात बसवताना सांडतात. म्हणजे आयुष्यातली पहिली वाढही पुरी मिळत नाही. माणसानं नम्र राहावं म्हणून ही योजना असावी.

अशा रीतीनं काम, महागाई, गरज आणि अनुभव, चारही साक्षीदार उलटले. आणि मग उत्तर आलं ते सासऱ्यांच्या जन्मतारखेतून.

त्यांच्या पिढीत जन्मतारीख आई सांगायची नाही, मास्तर सांगायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मास्तर पोराकडं एकदा पाहून अंदाजानं साल ठरवायचे आणि महिना जवळचाच लिहायचे. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म जूनमध्ये झालेला आहे. सासऱ्यांना मास्तरांनी १५ जून १९५० दिली. सरकारी माणूस ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून सासरे साठ वर्षांचे होऊन ३० जून २०१० ला निवृत्त झाले. आणि सहाव्या आयोगापासून सगळ्यांच्या वेतनवाढीची एकच तारीख ठरली होती, १ जुलै.

गंमत लक्षात आली ना? १ जुलै २००९ पासून ३० जून २०१० पर्यंत त्यांनी बारा महिने पुरे भरले. वाढ मात्र एक जुलैला मिळणार, आणि एक जुलैला ते कर्मचारीच नव्हते. मास्तरांनी टाक दौतीत बुडवताना जून ऐवजी जुलै म्हटलं असतं तर वाढ मिळाली असती. प्रश्न सहाशे-सातशे रुपयांचा, पेन्शनमध्ये त्याच्या निम्म्याचा. सासरे पैशासाठी रडणारे नव्हेत. पण त्यांना एक गोष्ट लागून राहिली होती. "माझं एक वर्ष कुणीतरी ठेवून घेतलं," असं ते म्हणायचे. निरोप समारंभातली शाल आणि श्रीफळ सगळ्यांना मिळतं. ते वर्ष त्यांचं स्वतःचं होतं.

असे हजारो लोक होते. काहींनी कोर्टाची पायरी चढली. सरकारपक्षाचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. वेतनवाढ हे पुढच्या वर्षी चांगलं काम करावं म्हणून दिलेलं प्रोत्साहन आहे. जो उद्यापासून येणारच नाही त्याला प्रोत्साहन कसलं द्यायचं? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. स्टेशनात उतरलेल्या उतारूला कुणी 'चला, चढा लवकर' म्हणत नाही. पण मद्रास उच्च न्यायालयानं २०१७ साली अशा एका निवृत्त अधिकाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्या वीज महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात तेच कायम केलं. वेतनवाढ ही झालेल्या वर्षाची असते. वर्षभर नीट वागून नोकरी केली की ती कमावली गेली. दुसऱ्या दिवशी फक्त ती हातात पडते. पुढच्या आदेशांनी ती १ मे २०२३ पासूनच्या पेन्शनमध्ये धरायची, असं ठरलं.

मला या निकालाचा फार आनंद झाला, कारण तो थेट बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. ज्या वर्षाचा खर्च त्या वर्षाला टाकायचा. एकतीस मार्चला पगार दिला गेला नसेल तर 'देय वेतन' म्हणून ताळेबंदाच्या देण्याच्या बाजूला दाखवायचा. दिला नाही, याचा अर्थ द्यायचा नाही असा होत नाही. एवढी गोष्ट आम्हांला अठराव्या वर्षी शिकवतात. ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचायला जरा उशीर झाला, इतकंच.

तेव्हा उत्तर मिळालं असं मी धरून चाललो. वेतनवाढ हे बक्षीस नव्हे, प्रोत्साहन नव्हे, लायकीचं प्रमाणपत्र तर नव्हेच. ते गेल्या वर्षाचं देणं आहे. माणसानं आयुष्यातले बारा महिने दिले, ते परत येणार नाहीत, त्याची ही पोच. कोटवाल्याला ती फुकट मिळते हे खरं. पण त्याला अडवायला बसवलेला रोध काम करणाऱ्याच्याच पायात येतो, हेही खरं. दहा कोटवाल्यांना पोच मिळू नये म्हणून एका काम करणाऱ्याची पोच अडवायची, हा व्यवहार मला जमत नाही. माझं मत मी जाहीर जेवणावळीत मांडलं. सासऱ्यांनी मान डोलावली. मला वाटलं, खटला संपला.

तो संपला नाही. बँकेच्या कामासाठी मला महिन्यातून एक-दोनदा एका सरकारी कचेरीत जावं लागतं. तिथं एका टेबलाला दोन खुर्च्या आहेत. दोन्ही खुर्च्यांवरची माणसं एकच काम करतात. बिलं संगणकात भरतात, तपासतात, पुढं पाठवतात. एकजण कायम आहे. दुसरा बाह्ययंत्रणेमार्फत घेतलेला. सरळ मराठीत, कंत्राटी. माझं काम बहुतेक वेळा दुसराच करतो, कारण पहिल्याला शंका आली की तोही दुसऱ्यालाच विचारतो. दुसरा तिथं नऊ वर्षं आहे. अकरा महिन्यांचा करार, मग दोन-चार दिवसांचा तांत्रिक खंड, मग पुन्हा अकरा महिने.

मी एकदा त्याला माझा सिद्धान्त सांगितला. बारा महिन्यांची पोच वगैरे. तो टंकत टंकत म्हणाला, "साहेब, आमचे बारा महिने होतच नाहीत. अकरालाच वर्ष संपतं."

मी म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या ऑक्टोबरात पंजाबच्या खटल्यात सांगितलंय की समान कामाला समान वेतन. तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही नियमित श्रेणीतलं किमान वेतन मिळायला हवं. त्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो म्हणाला, "किमान, साहेब. म्हणजे शिडीची पहिली पायरी. तीही मिळवायला ज्याचा त्यानं कोर्टात जायचं. आणि मिळाली तरी पायरीच, शिडी नाही. यांचा पगार चढतो. माझा नुसता चालू राहतो, तोही दर अकरा महिन्यांनी विचारून."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. शेजारच्याशी त्याचं छान जमतं. दोघं डबा एकत्र खातात. शेजारच्याची वाढ झाली की पेढे दोघांच्या मधल्या टेबलावर ठेवलेले असतात आणि हा पहिला उचलतो.

मी पेढा घेतला नाही. मधुमेह आहे असं सांगितलं. मला मधुमेह नाही.

त्या दिवसापासून माझा सिद्धान्त लंगडा झाला आहे. वेतनवाढ हे जर गेल्या वर्षाचं देणं असेल, तर ते ज्यानं वर्ष दिलं त्या प्रत्येकाचं असायला हवं. नेमणूकपत्रावर सही कुणाची आहे, यावरून वर्षाचे महिने कमी-जास्त होत नाहीत. सासऱ्यांचं एक वर्ष ठेवून घेतलं म्हणून तेरा वर्षं आम्ही हळहळलो. या माणसाची नऊ ठेवून घेतलेली आहेत, आणि ती परत मिळण्यासाठी त्याची कुठली जन्मतारीख पुढं सरकवायची? यावर थोरले मेहुणे म्हणतात, "अहो, पण सगळ्यांनाच शिडी द्यायची तर सरकार पैसा आणणार कुठून?" प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडं त्याचं उत्तर नाही. पण माझा अनुभव असा, की बँकेत कर्ज मागायला आलेला माणूस 'पैसा कुठून आणू' असं म्हणाला, तर आम्ही त्याचं देणं खोडून टाकत नाही. ते येणे म्हणून वहीत राहतं आणि त्याच्यावर व्याज चढतं.

आम्हांला कॉलेजात तेरीज शिकवणारे सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. नावेच्या आणि जमेच्या बाजू जुळल्या की पोरं खूश होतात आणि पेन खाली ठेवतात. पण बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर आहे असं नाही. एखादा व्यवहार दोन्हीकडं लिहायचाच राहून गेला असेल, तरी तेरीज जुळते. उलट अशी तेरीज फार सुरेख जुळते.

देशातल्या सगळ्या कचेऱ्यांची तेरीज दर वर्षी जुळत असणार, याबद्दल मला शंका नाही.